दुकानं दोन, पोट एकच

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे साचे (माग) दुरुस्त करतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांना बायपोलरचा, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य असा आजार निघाला. दोनदा ॲडमिट करावं लागलं. लिथियम ३०० च्या दिवसाला तीन गोळ्या आणि रात्री ओलांझापिन सुरू झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, सगळं सुरळीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास कारखान्यात तपासणी झाली, त्यात बीपी १६०/१०० निघालं. फिजिशियननी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. आता घरात दोन तट पडलेत. धाकटे दीर म्हणतात, बीपीच्या गोळीनं मानसिक आजारही कमी होतो असं परदेशात सिद्ध झालंय, तेव्हा डोक्याच्या गोळ्या हळूहळू बंद करू. सासूबाई म्हणतात, बीपीच्या गोळीनं माणूस खचतो, त्यांच्या वडिलांचं तसंच झालं होतं, तेव्हा बीपीचीच बंद करा. खरं कोणाचं?

ता.क. उन्हाळ्यामुळे असेल, पण दोन आठवडे झाले, त्यांचे हात फार थरथरतात. चहा बशीत सांडतो. चार दिवस पोटही बिघडलंय.

— तुमची एक वाचक, सोलापूर

*

ताई, तुमचा प्रश्न मी एकदा वाचला आणि ता.क. चारदा.

ते वाचल्यावर सदर छापून येईपर्यंत थांबायची सोय नव्हती. म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला निरोप दिला की रात्रीची लिथियमची गोळी देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना आत्ता फोन लावा, नाही लागला तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला, रिकाम्यासुद्धा. तुम्ही नेलंत. रक्तातलं लिथियम १.७ आलं. ते साधारण ०.६ ते १ च्या आत असावं लागतं, दीडच्या वर गेलं की विषबाधेच्या भाषेत बोलायला लागतात. दाजी दोन रात्री सलाइनवर होते, आता घरी आलेत आणि चहा कपातच राहतोय, असं तुम्ही परवा कळवलंत. बाकी सगळं तुमच्या परवानगीनं इथे लिहितेय, कारण हे एका घराचं दुखणं नाही.

मी डॉक्टर नाही, हे दरवेळी सांगते तसं याही वेळी सांगते. एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. डॉक्टरांना एका वेळी एक माणूस दिसतो. मला त्याची पट्टी दिसते, आणि ती पट्टी किती दिवसांनी संपली तेही दिसतं.

तर आधी झालं काय ते. लिथियम हे मूळचं एक साधं क्षार आहे, सोडियमच्या कुळातलं. किडनीला या दोघांत फारसा फरक कळत नाही. शरीरात मीठ पुरेसं असलं की किडनी सोडियम सोडते आणि त्याबरोबर लिथियमही लघवीवाटे जातं. मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवायला लागते, आणि त्याच मुठीत लिथियमही धरते. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं.

आता दाजींचा एप्रिल बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी. ती सोडियम बाहेर काढते आणि किडनी घाबरून उरलेलं घट्ट धरते. एवढ्या एका गोळीनं लिथियमची पातळी पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी वर जाऊ शकते. टेल्मिसार्टन वेगळ्या वाटेनं तेच करते, किडनीचं गाळणं जरा मंदावतं. त्यात मीठ एकदम तोडलं. तुम्ही दुसऱ्या निरोपात लिहिलंत की सासूबाईंनी पाडव्यापासून भाजीतलं मीठ जवळजवळ बंदच केलं आणि ताटातली शेंगाचटणी उचलली. मायेपोटीच केलं त्यांनी. वर सोलापूरचा उन्हाळा. बाहेर बेचाळीस, साच्यांच्या खोलीत त्याहून जास्त, आठ तास घाम. घरी नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या, त्यामुळे पिण्याच्या पाण्यातही काटकसर करायची आपली सगळ्यांची खोडच झालीय. चार गोष्टी एका महिन्यात जुळून आल्या. मग जुलाब लागले, आणि जुलाब हे तर दुधारी. लिथियम वाढल्याचं ते लक्षणही आहे, आणि पाणी-मीठ आणखी घालवून लिथियम आणखी वाढवायचं कारणही.

थरथरीबद्दल एक सांगते, कारण अनेक घरांत ती ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून देतात. लिथियमवर असलेल्या माणसाच्या बोटांना बारीक कंप असतो, कागद हातात धरला तर कडा हलते एवढा. तो वर्षानुवर्षं असू शकतो. पण हात हलायला लागला, चहा सांडायला लागला, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं, माणूस गुंगल्यासारखा झाला, तर तो नेहमीचा कंप राहिलेला नाही. तेव्हा ‘बघू सोमवारी’ म्हणायचं नाही. आणि हो, थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल देतात म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ती गोळी स्वतःच आणायची नाही. ती कंप दाबते, कंप का आलाय ते झाकून टाकते.

चूक कुणाची, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते आहेच. फिजिशियननी दिलेली गोळी वाईट नाही. रोज माझ्या दुकानातून अशा पट्ट्या जातात. मानसोपचारतज्ज्ञांची लिथियमची मात्राही बरोबर होती. फिजिशियननी विचारलंही होतं, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?” आणि दाजी म्हणाले, “नाही.” कारण शेजारच्या खुर्चीवर कारखान्यातला सोबती बसला होता.

मला याचं नवल वाटत नाही. बीपीची गोळी माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर घेतो, हसत. “ताई, ती बारकी पांढरी गोळी द्या की.” लिथियमची पट्टी घ्यायला तोच माणूस रिक्षा करून स्टेशनकडे जातो, जिथे कुणी ओळखत नाही. तुमच्याकडेही तसंच आहे, तुम्हीच लिहिलंत. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला लिथियम माहीत नाही, स्टेशनजवळच्याला बीपी माहीत नाही. दोघंही आपापल्या चिठ्ठीवर बरोबर माल देतात आणि त्या गोळ्यांची गाठ पडते ती थेट पोटात.

माझ्या हातूनही झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एक ओळखीचं गिऱ्हाईक मे महिन्यात आलं, जुलाब थांबायची गोळी आणि ओआरएस मागितलं. बीपीची गोळी ते माझ्याकडूनच न्यायचे. मी दिलं, सुट्टे पैसे परत केले, काही विचारलं नाही. आठ दिवसांनी त्यांची बायको आली, तेव्हा कळलं की ते कित्येक वर्षं लिथियमवर होते आणि त्यांना दवाखान्यात हलवलंय. वाचले. पण तेव्हापासून मी काउंटरवर मोठ्यानं विचारत नाही. कागदाचा चिटोरा आणि पेन पुढे सरकवते, “घरात दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरची गोळी चालू असेल तर लिहा.” तोंडानं ‘नाही’ म्हणणारी माणसं कागदावर लिहितात.

आता तुमच्या दिरांचं. त्यांनी वाचलं ते हवेतलं नाही. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची आणि दवाखान्यातल्या भरतीची सरकारी नोंद असते. त्या नोंदींवरून २०१९ साली एक मोठा अभ्यास आला. बायपोलर, स्किझोफ्रेनिया आणि तशा गंभीर आजारांची १,४२,६९१ माणसं, २००५ ते २०१६ या काळातली. ज्या काळात हीच माणसं बीपीच्या कॅल्शियम चॅनल गटातल्या (ॲम्लोडिपिनसारख्या) गोळ्या घेत होती, त्या काळात त्यांची मानसिक आजारासाठी भरती आणि स्वतःला इजा करून घेणं कमी दिसलं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबाबतही तसंच. माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याच्याच गोळी चालू असलेल्या आणि नसलेल्या काळाशी केली होती, ही त्या अभ्यासाची जमेची बाजू.

पण त्यातलं कमी म्हणजे किती? कॅल्शियम गटाच्या गोळ्यांवर असताना बायपोलरच्या रुग्णांची भरती आठ टक्क्यांच्या आसपास कमी, स्किझोफ्रेनियात वीस टक्के. दिरांना हा आठचा आकडा दाखवा. आणि हेही विचारा, की ज्या महिन्यांत माणूस बीपीची गोळी न चुकता घेतो, त्या महिन्यांत तो बाकीच्याही गोळ्या न चुकता घेत असेल की नाही? जेवण, झोप, दवाखान्याची फेरी, सगळंच जरा ताळ्यावर असेल की नाही? तेवढा गोंधळ नोंदींतून पुरता वेगळा काढता येत नाही. मुख्य म्हणजे, या माणसांना कुणी लिथियम बंद करून बीपीची गोळी दिली नव्हती. तसं करून बघितलेला हा अभ्यासच नाही. सहा वर्षं शांत गेलेल्या घरात लिथियम आपल्या मनानं तोडलं, तर उसळी मारून आजार परत येतो, आणि तो पहिल्या सहा महिन्यांतच येण्याची भीती जास्त. दिरांचा भाऊ आहे म्हणून त्यांना पोटतिडीक आहे, मी समजू शकते. पण ही काटकसर महागात पडेल.

सासूबाईंना मात्र हसू नका. त्यांच्या म्हणण्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे. सर्पगंधा. तिचं मूळ आपल्याकडे वेड लागलेल्या माणसाला शांत करायला पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर चालतं असं छापून सांगितलं. म्हणजे तुमच्या घरात आज जो वाद चाललाय त्याचे दोन्ही टोक एकाच मुळाशी! १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा अनुभव लिहिला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, पुढं ते बीपीच्या गोळ्यांत आलं आणि अमेरिकेत मनोरुग्णांनाही दिलं गेलं. मग काही वर्षांत डॉक्टर लिहू लागले की या गोळीवरची काही माणसं उदास होतात, गप्प बसून राहतात. ते सगळं रिसर्पिनमुळेच होतं का, यावर नंतर बराच खल झाला आणि दावा पहिल्याइतका पक्का राहिला नाही. पण सासूबाईंच्या वडिलांच्या काळात ती गोळी आपल्याकडे सर्रास होती. माझ्या वडिलांच्या दुकानात तिच्यासाठी वेगळा खण होता. तेव्हा आजोबा खरंच खचले असतील. त्यांची लेक साठ वर्षं ते विसरलेली नाही, एवढंच.

आजच्या गोळ्या त्या नाहीत. डेन्मार्कमध्ये २०२० साली बीपीच्या ४१ औषधांची तिथल्या नोंदींवरून छाननी झाली. नैराश्य वाढल्याचं एकाही औषधाबाबत दिसलं नाही, नऊ औषधांबाबत ते उलट कमी दिसलं. त्यात ॲम्लोडिपिन होती, एनालाप्रिल होती, प्रोप्रॅनोलॉलसुद्धा होती, जिला उदासीसाठी आम्ही दुकानदार मंडळीही वर्षानुवर्षं नावं ठेवत होतो. ती झोप बिघडवते आणि चित्रविचित्र स्वप्नं पाडते, एवढं तिच्या पदरात राहिलंय. हाही नोंदींवरचाच अभ्यास, म्हणून दिरांना लावलेली चाळणी सासूबाईंच्या वेळीही लावायची. पण घाबरून बीपी उघडं सोडावं असं त्यात काही नाही.

आणि बीपी उघडं सोडायचं नाहीच. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बहुतेक हृदय, मेंदूचा झटका, साखर अशा शरीराच्या दुखण्यांनी, ज्यांवर गोळ्या आहेत. ओलांझापिननं वजन चढतं, साखर चढते. दाजींचा पट्टा किती भोकं पुढं गेलाय ते बघा. त्यांचं बीपी पकडलं गेलं ही त्या कारखान्याच्या तपासणीची कृपाच म्हणा.

नवीन चिठ्ठीत त्यांना ॲम्लोडिपिन दिलीय असं तुम्ही लिहिलंत. लिथियमवरच्या माणसाला ती सहसा मानवते, पातळीत फारशी ढवळाढवळ करत नाही. पायाच्या घोट्यांना सूज आली तर सांगा, ती या गोळीची सवय आहे. त्याच कॅल्शियम गटातल्या व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम मात्र वेगळ्या वळणाच्या, लिथियमबरोबर त्या जपूनच. उद्या कधी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल द्यायचीच वेळ आली, तर तेही अशक्य नाही. लिथियमची मात्रा कमी करून, आठवड्याला रक्त तपासून ते करतात. गोळी मुळात शत्रू नाही, न सांगता आलेली गोळी शत्रू. कॅनडात ओंटॅरिओमधल्या दहा हजारांवर वृद्ध लिथियमवाल्यांची नोंद २००४ मध्ये तपासली, तेव्हा रामिप्रिलच्या गटातली गोळी नव्यानं सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात विषबाधेनं भरती व्हायचा धोका सातपटीहून जास्त निघाला. म्हणून बीपीची गोळी बदलली, वाढली किंवा बंद झाली, तरी पाच-सात दिवसांनी लिथियमची पातळी बघायची. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळी, त्या दिवसाची पहिली गोळी घ्यायच्या आधी. लॅबवाल्या मुलाला ते माहीत असेलच असं धरू नका.

अंगदुखीसाठी कारखान्यातून येताना दाजी आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅकची गोळी घेतात का? जॉबरचं काम कंबरेचं आहे, म्हणून विचारते. त्याही लिथियम वाढवतात. पॅरासिटामॉल चालेल. निर्जळी एकादशी नको, पांडुरंग समजून घेतो. पंढरपूर एवढं जवळ आहे, वाटल्यास जाऊन सांगून या.

मिठावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९४० च्या दशकात अमेरिकेत हृदयाच्या आणि बीपीच्या रुग्णांचं मीठ तोडायचे आणि जेवण बेचव लागू नये म्हणून वरून घ्यायला दुसरं एक मीठ विकायचे. ते होतं लिथियम क्लोराइड. मीठ बंद असलेल्या माणसांच्या ताटात चिमटी-चिमटीनं लिथियम! माणसं थरथरू लागली, काही दगावली, आणि १९४९ मध्ये ते बाजारातून उचललं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम चालतं असं प्रसिद्ध केलं. अशा नावलौकिकावर त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळायला १९७० उजाडलं. आज दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिठाची पाकिटं मिळतात, त्यात लिथियम नसतं, पोटॅशियम असतं. तरी ते पाकीटही डॉक्टरांना दाखवूनच फोडा, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांवर पोटॅशियम वाढू शकतं.

दुकानाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. स्टेशनजवळच्याकडेच जायचं असेल तर बीपीचीही गोळी तिकडूनच घ्या, मला राग नाही. आणि दाजींच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक कागद ठेवा: लिथियम, किती, कधीपासून, शेवटची पातळी कोणत्या तारखेला किती. पुढच्या वेळी शेजारी कुणीही बसलेलं असलं तरी तो कागद बोलायला न लावता टेबलावर ठेवता येतो. रात्री-अपरात्री मनानं घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पण थरथर आणि उलटी-जुलाब असतील तर फोनवर बोलत बसू नका, रिक्षा बोलवा.

राहता राहिली शेंगाचटणी. सासूबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय म्हणालात, की आता ताटात वाढायची की नाही. डॉक्टरांनी मिठाचं जे माप दिलं असेल त्यात बसवून वाढा, पण रोज तेवढीच. आज मूठभर, उद्या बंद, परवा पाहुणे आले म्हणून दुप्पट, असं नको. डब्यात एक छोटा चमचा टाकून ठेवा आणि तो चमचा बदलू नका. सासूबाईंना म्हणावं, मापाचं काम त्यांच्याकडे.